पेडल बसतं, चाक धरतं

हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगावच्या स्टँडबाहेर काळीपिवळी जीप चालवणाऱ्यांच्या ब्रेकबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून दोनच असतात. एक म्हणजे, ‘पेडल बसते ना भाऊ, दोन पंप मारा लागते, मंग धरते.’ दुसरी नेमकी उलटी, ‘पाय ठेवला का चाकच पकडते, गाडी डावीकडं ओढते.’ पहिली गाडी थांबायला तयार नसते, दुसरी नको तिथे नको तितकी थांबते. गंमत अशी, की या दोन उलट्या दुखण्यांवर गल्लीतल्या गॅरेजात इलाज बहुधा एकच होतो : नवे लायनर. चारही ड्रम उघडतात, लायनर बदलतात, पैसे जातात आणि काही दिवसांत तीच तक्रार घेऊन गाडी परत दारात उभी राहते.

लायनर निर्दोष असतात असं नाही. पण जुन्या गाडीत नरम ब्रेक आणि पकडणारा ब्रेक यांची मुळं पुष्कळदा दुसरीकडेच असतात : ब्रेक ऑइलमध्ये, रबरी होजच्या पोटात, मास्टर सिलिंडरच्या सुईएवढ्या छिद्रात, नाहीतर मागच्या एक्सलच्या झिजलेल्या सीलमध्ये. ती शोधायला महागडं यंत्र लागत नाही. ब्रेक केव्हा बिघडतो, हे नीट विचारावं लागतं. सकाळी की दुपारी, पहिल्या दाबाला की दहाव्या, रिकाम्या गाडीत की भरल्या, हे कळलं की पाना हातात घेण्याआधीच निम्मा शोध झालेला असतो.

वर्धा जिल्ह्यातल्या याच हिंगणघाटात 1914 साली जन्मलेल्या बाबा आमटे यांच्याकडे तरुणपणी सिंगर कंपनीची स्पोर्ट्स मोटार होती, तिच्या गाद्यांना बिबट्याचं कातडं लावलेलं होतं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं असतं. त्या काळात अनेक मोटारींचे ब्रेक अजून सळया आणि तारांवर चालत. फोर्डसारख्या कंपनीने आपल्या मोटारींना तेलाच्या दाबावरचे ब्रेक दिले ते 1939 च्या मॉडेलपासून. कल्पना त्याआधीची होती. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी 1917 साली तिचं पेटंट घेतलं आणि 1921 मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला ते पहिल्यापासूनच होते. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत ह्याच जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिच्या पिढ्यान्‌पिढ्या विदर्भाच्या पांदण रस्त्यांवर धावल्या. स्कूटर मात्र बराच काळ तारांवरच राहिली. वर्ध्याच्या बजाज घराण्याची ‘चेतक’ ज्यांनी चालवली, त्यांना केबल ताणून ब्रेक जवळ आणण्याची सवय असते. तीच सवय ते जीपवर वापरायला जातात आणि फसतात, कारण जीपचा ब्रेक ताणण्यावर चालतच नाही. तो दाबावर चालतो.

त्या दाबाचा हिशेब सोपा आहे. पायाने पेडलवर 20 किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ पाचपट असली, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर 100 किलो येतात. एक इंच व्यासाच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण पाच चौरस सेंटिमीटर, म्हणजे ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 20 किलो दाब तयार झाला. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं, की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. त्यामुळे हाच दाब चारही चाकांच्या सिलिंडरांपर्यंत जातो आणि ब्रेक शूंना ड्रमच्या आतल्या भिंतीवर रेटतो. अट एकच, मधे द्रवच असला पाहिजे.

हवा शिरली की गणित फिसकटतं. दट्ट्या तीन सेंटिमीटर सरकला तर तो जेमतेम 15 मिलिलिटर ऑइल पुढे ढकलतो. लाइनमध्ये कुठेतरी पाच मिलिलिटरचा बुडबुडा अडकलेला असेल, तर वरच्या दाबाखाली तो आक्रसून विसाव्या हिश्शाच्या आसपास उरतो. म्हणजे पेडलची जवळजवळ एक तृतीयांश धाव बुडबुडा चेपण्यातच संपली. पायाखाली जे लिबलिबीत लागतं ते हेच.

पण पेडल खाली जाणं आणि पेडल लिबलिबीत लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेच निदान चुकतं. गाडी उभी करून पेडलवर सावकाश पाय द्यावा. पहिल्या दाबाला ते खोल गेलं, लगेच दुसऱ्या दाबाला वर आलं आणि दगडासारखं टणक लागलं, तर हवेला दोष देऊ नये. शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढली आहे, ॲडजस्टमेंट हवी. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये हे काम आपोआप होत नाही, हे पुष्कळ मालकांना ठाऊकच नसतं. पंप मारल्यावर पेडल वर येतं खरं, पण पायाखाली उसळत राहतं, तर लाइनमध्ये हवा आहे. तिसरी चाचणी सगळ्यांत मोलाची. पेडल एकसारखं दाबून अर्धा मिनिट तसंच धरावं. ते हळूहळू जमिनीकडे सरकू लागलं, तर दाब कुठेतरी निसटतो आहे. चाकांच्या आतल्या बाजूला, टायरवर किंवा ड्रममागच्या प्लेटवर ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळतोय. कुठेही थेंब नाही, टाकीतली पातळीही तशीच, आणि तरी पेडल बसतं, तर मास्टर सिलिंडरमधला रबरी कप झिजला आहे आणि ऑइल त्याच्या बाजूने मागच्या मागे परत जातंय. असा सिलिंडर बाहेरून कोरडाठाक दिसतो. म्हणूनच तो शेवटी बदलला जातो, तोवर बाकी सगळं बदलून झालेलं असतं.

जुन्या जीपमध्ये आणि अगदी जुन्या ॲम्बेसिडरमध्ये चारही चाकांना मिळून ऑइलची एकच लाइन असे. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असल्याने एक फुटला तरी दुसरा काही प्रमाणात गाडी थांबवतो. जुन्या गाडीत एका चाकाचा कप फाटला की चारही चाकं निकामी होतात. अशा गाडीचा हँडब्रेक चालू नसेल, तर तिला गावाबाहेर नेण्यात अर्थ नाही.

आता दुपारचं दुखणं. नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगावजवळ सत्याग्रही घाट आहे. कारंजा, आर्वी, आष्टी हा जिल्ह्याचा भाग चढ-उतारांचा, तर हिंगणघाट-समुद्रपूरकडे काळी सपाट जमीन. सपाटीवर व्यवस्थित चालणारा ब्रेक घाटात दगा देतो, आणि त्यामागे उष्णतेचा साधा हिशेब आहे. माणसांसकट 1800 किलोची जीप ताशी 60 किलोमीटरवरून पूर्ण थांबते, तेव्हा तिची सगळी गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ही उष्णता अंदाजे अडीच लाख ज्यूल असते. एवढ्यात पाऊण लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला येईल. तीच जीप 100 मीटर उंचीचा उतार नुसत्या ब्रेकवर उतरली, तर 60 च्या वेगातून सात वेळा थांबण्याइतकी उष्णता ड्रमांत साठते. वेग दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. समृद्धी महामार्ग सेलू आणि आर्वी तालुक्यांतून जातो म्हणून पंचवीस वर्षांची जीप तिथे शंभराने पळवून पाहण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी हे गणित आधी करावं.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या पुढे जातो. या हवेने ब्रेक ऑइल उकळतं, असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नये. ऊन एवढंच करतं, की तापलेला ड्रम लवकर निवत नाही. खरा गुन्हेगार ऑइलमध्ये मुरलेलं पाणी असतो. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. होजच्या रबरातूनही तो आत झिरपतो. डॉट 3 दर्जाचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. जून ते सप्टेंबर चार महिने दमट हवा, त्यात गॅरेजच्या फळीवर बूच न लावता ठेवलेला डबा, आणि बदलल्याची कुठेही नोंद नाही. अशा ऑइलची वाफ घाटात होते. वाफ चेपली जाते, पेडल थेट जमिनीला टेकतं.

चालक घाबरून गाडी कशीबशी कडेला घेतो. अर्ध्या तासाने गाडी निवते, वाफेचं पुन्हा द्रव होतं, पेडल जागेवर येतं. मिस्त्री पाहतो, ‘ब्रेक तर एकदम ओके आहे’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणून ‘केव्हा’ हा प्रश्न महत्त्वाचा. तापल्यावर पेडल खाली गेलं तर ऑइल संशयित. तापल्यावर पेडल टणक राहिलं पण गाडी थांबेना, तर लायनरची पकड सुटली आहे, ऑइलचा त्यात दोष नाही. दोन्हींत जळका वास येऊ शकतो, त्यामुळे नाकावर विसंबू नये, पायावर विसंबावं.

घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडणारे अजूनही आहेत. पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आल्टरनेटरच्या मागे बसवलेल्या पंपातून येतो. इंजिन थांबलं की पंप थांबला. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, आणि मग पेडल लाकडासारखं कडक होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुनी शिकवण यासाठीच आहे. बूस्टर तपासायची युक्ती सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबावं, मग दाबून धरावं आणि इंजिन सुरू करावं. पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर जिवंत आहे.

पकडणाऱ्या ब्रेकचं प्रकरण जास्त चकवणारं आहे. ड्रम ब्रेकमध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि आपणहून अधिक घट्ट बसतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे, पायाचा जोर वाचतो. पण तिच्यामुळेच लायनरमधला लहानसा फरक चाकावर मोठा होऊन दिसतो. मागच्या एक्सलचं सील गळून डिफरन्शियलचं ऑइल थोडंसं लायनरवर आलं, तर चाक निसटेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते पुष्कळदा उलट वागतं. ऑइल आणि लायनरची भुकटी मिळून चिकट थर होतो आणि हलक्या दाबालाही चाक झटक्यात धरतं. ऑइल पुरतं मुरलं की मग पकड जाते. असे लायनर पेट्रोलने धुऊन किंवा भाजून परत बसवणं हा फसवा उद्योग आहे. आत मुरलेलं ऑइल तापल्यावर पुन्हा वर येतं. आधी सील बदलायचं, मग एका एक्सलचे दोन्ही बाजूंचे लायनर एकाच कंपनीचे नवे घालायचे. डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं लायनर बसवून निघालेल्या गाड्यांची ‘ओढते’ ही तक्रार आयुष्यभर जात नाही.

गाडी ज्या बाजूला ओढते ती बाजू बिघडली, असं समजण्याचीही घाई होते. डावीकडे ओढणाऱ्या गाडीत डावं चाक नीट काम करत असेल आणि उजवं झोपलेलं असेल, ही शक्यता तितकीच असते. अडकलेला दट्ट्या, बुजलेला होज, गळका सिलिंडर, काहीही उजवीकडे असू शकतं. थोडं चालवून आल्यावर दोन्ही बाजूंच्या रिमजवळ, स्पर्श न करता, हात धरून ताप ताडून पाहावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार थंड असेल तर ते काम चुकवतंय. फार गरम असेल तर ते सोडत नाही.

न सोडणाऱ्या चाकाची तपासणी हा या साऱ्यातला सर्वांत देखणा भाग म्हणावा लागेल. गाडी घोडीवर चढवून, हँडब्रेक सोडून जाम चाकाचं ब्लीडर निपल जरासं सैल करायचं. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकलेला होता. चाक तरीही जाम असेल तर दोष यांत्रिक आहे : तुटकी स्प्रिंग, गंजलेला दट्ट्या, न सुटलेली हँडब्रेकची केबल. दाब अडकलेला असेल तर पुढचा प्रश्न, कुठे? पुन्हा ब्रेक दाबून चाक जाम करायचं आणि या वेळी होजच्या वरच्या बाजूचा, म्हणजे लोखंडी पाइपाकडचा जोड सैल करायचा. चाक सुटलं नाही, तर होज आतून फुगून बंद झाला आहे. बाहेरून चांगला दिसणारा जुना होज आतून सोलपटतो आणि एकेरी रस्त्यासारखा वागतो. पायाच्या जोराने ऑइल आत जातं, स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही.

चारही चाकं एकदम धरू लागली तर खाली शोधण्यात वेळ घालवू नये, वर पाहावं. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पाय काढल्यावर दट्ट्या पूर्ण मागे आला की ते उघडं पडतं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परततं. कचऱ्याने ते बुजलं, किंवा कुणी पेडलची मोकळी धाव शून्य करून ठेवली, तर ऑइलला परतीची वाट उरत नाही. चाकं घासतात, तापतात, ऑइल आणखी फुगतं, चाकं आणखी घट्ट होतात. ‘पेडल वर आणून द्या’ असा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला खूश करायला पुशरॉड लांब केला, की हा बिघाड हाताने घडवलेला असतो. नरम पेडलच्या तक्रारीतून जाम चाकांची तक्रार जन्मते ती अशी.

छिद्र बुजण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते गावाकडे जास्त दिसतं. ब्रेक ऑइल संपलं म्हणून इंजिन ऑइल टाकणं, किंवा सिलिंडर डिझेल-रॉकेलने धुणं. ब्रेकच्या कपांचं रबर खनिज तेलात फुगतं. फुगलेला कप छिद्रावर चढून बसतो. एकदा असं तेल गेलं की लाइन धुऊन भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत सगळे कप आणि होज बदलावे लागतात. सुटे भाग धुवायला ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरावं.

पावसाळ्यातल्या काही खोड्यांना मात्र घाबरायचं कारण नाही. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या ड्रमवर गंजाची तांबूस झाक येते आणि सकाळचे पहिले दोन-तीन ब्रेक पकडतात. ती झाक घासून गेली की ब्रेक शांत होतो. नदीवर गाडी धुऊन लगेच हँडब्रेक ओढून ठेवली तर ओला शू ड्रमला चिकटू शकतो. त्यापेक्षा गिअरमध्ये घालून चाकामागे दगड लावावा. काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये जाऊन सुकला तर तो काढायलाच हवा. पण तिथली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याचे तंतू कर्करोगाला कारण होतात. ओल्या फडक्याने पुसावं.

हवा काढण्याच्या कामातही एक जुना खड्डा आहे. एक जण पेडल मारतो, दुसरा चाकाशी निपल उघडतो. पेडल दर वेळी जमिनीपर्यंत दाबलं, तर मास्टर सिलिंडरचा कप एरवी कधीच जात नाही अशा गंजक्या भागावर घासून फाटतो. मग हवा काढायला आलेली गाडी सिलिंडर घालवून जाते आणि दोष नव्या ऑइलला मिळतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावं, म्हणजे हवा परत ओढली जात नाही. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी घ्यायचं. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या जुन्या गाडीत ते मागचं डावं. बाटलीत निघालेलं ऑइल परत टाकीत ओतू नये.

व्हील सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडलेले असतील, तर नुसतं रबर किट घालण्यात पैसे वाया जातात. पॉलिश पेपरने खड्डे जात नाहीत, नवा कप त्यांच्यावर घासून लवकरच पुन्हा गळू लागतो.

दर दोन वर्षांनी सगळं ब्रेक ऑइल बदला, शक्यतो पावसाळा संपल्यावर, आणि सीलबंद लहान डबाच घ्या. बदलल्याची तारीख आणि ऑइलचा दर्जा बॉनेटच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला अंदाज बांधावा लागणार नाही. आणि गॅरेजात गेल्यावर ‘लायनर बदला’ असं सांगू नका. पेडल कधी बसतं, गाडी कुठल्या बाजूला ओढते आणि कुठलं चाक तापतं, एवढंच सांगा.